ऑ पेअरचा दीड दिवस आणि युरोपातली शहरं

तुझ्या लांबलचक प्रश्नातला गाभा एवढा: वय 22, जर्मन भाषेची ए-वन ही पहिली पातळी पास, नैऋत्य जर्मनीतल्या कार्ल्सरूहजवळच्या एका खेड्यात होस्ट फॅमिली पक्की, घरात दोन लहान मुलं, आणि ऑ पेअर म्हणून, म्हणजे त्या घरात राहून मुलं सांभाळायला, सप्टेंबरात निघायचं. सोबत यादी जोडली आहेस: पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, रोम, बार्सिलोना, झ्युरिक, लंडन. महिन्याच्या 280 युरो पॉकेटमनीत दर वीकेंडला एक शहर बसेल का, होस्टना सुट्टी कशी मागायची, एकटीनं फिरणं बरं का आणि आईची समजूत कशी घालायची, हे तुला हवं आहे.

दर वीकेंडला एक शहर बसणार नाही. बसवायला जाऊही नकोस, दोन महिन्यांत आजारी पडशील. महिन्याला एक मुक्कामाची सहल आणि दोनेक सकाळी जाऊन रात्री परत यायच्या, एवढं मात्र आरामात होतं. मी याच भागात ऑ पेअर होते, मग एफएसजे, म्हणजे स्वयंसेवी समाजकार्याचं वर्ष केलं, मग नर्सिंगची आउसबिल्डुंग, म्हणजे व्यवसाय प्रशिक्षण, आणि आता नोकरीही इथेच. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून नव्यानं येणाऱ्या मुली भेटल्या की हाच विषय निघतो. माझं ठाम मत असं की ऑ पेअरची सहल पैशांवाचून अडते त्यापेक्षा जास्त वेळा वेळापत्रकापायी अडते. ती स्टेशनवर ठरत नाही, होस्टच्या स्वयंपाकघरात ठरते, आणि बरीच आधी ठरते.

म्हणून आधी हक्काचं काय आहे ते नीट समजून घे. जर्मनीत ऑ पेअरचं काम आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास, दिवसाला 6 तास. संध्याकाळी मुलं झोपलेली असताना तू घरात बसून राहतेस, तेही यातच धरायचं. आठवड्याला सलग दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, वर्षभर राहिलीस तर चार आठवड्यांची पगारी रजा. इथे मुली एक गोष्ट हमखास चुकीची धरून चालतात. दीड दिवस म्हणजे शनिवार-रविवार असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. नियम एवढंच सांगतो की महिन्यातून निदान एक रविवार मोकळा हवा. होस्ट आई दवाखान्यात शिफ्टला असेल तर तुझा दीड दिवस मंगळवार-बुधवारी येऊ शकतो, आणि त्यात बेकायदा काही नाही. तेव्हा करारावर सही करण्याआधी व्हिडिओ कॉलवरच विचार: तुमचा साधारण आठवडा कसा असतो, शनिवारी तुम्हाला माझी गरज किती वेळा लागते, महिन्यातले दोन वीकेंड शुक्रवार संध्याकाळपासून मोकळे मिळतील का? यात संकोच करण्यासारखं काही नाही. जर्मन माणसाला असा सरळ प्रश्न आवडतो. आडून आडून सुचवलेलं त्याला कळत नाही, आणि ऐन वेळी मागितलेलं खपत नाही.

घरात पोचलीस की स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक उभट कॅलेंडर दिसेल. त्यात घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एकेक रकाना असतो: आई, बाबा, मुलं. याला फामिलियनप्लानर म्हणतात. तुलाही एक रकाना मिळेल, नाही मिळाला तर मागून घे. मुलाची पोहण्याची शिकवणी, दाताच्या डॉक्टरची टर्मीन, म्हणजे ठरवून घेतलेली वेळ, आजीचा वाढदिवस असं सगळं महिनामहिना आधी तिथे लिहिलेलं असतं. तुझी सहलही तिथेच लिहायची. तीन-चार आठवडे आधी, जेवणानंतर, कॅलेंडरसमोर उभं राहून विचारायचं आणि हो म्हणाले की लगेच पेनानं लिहून टाकायचं. एकदा त्या रकान्यात ‘प्राग’ लिहिलं गेलं की ती तारीख सहसा कोणी हलवत नाही. तोंडी ठरलेल्या गोष्टी मात्र दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही नसतात.

एक आणखी. होस्ट म्हणतील, आम्ही वीकेंडला ब्लॅक फॉरेस्टात जातोय, चल आमच्याबरोबर. जरूर जा, पण मुलांना तूच सांभाळणार असशील तर ते तास कामाचे आहेत आणि तुझा दीड दिवस शिल्लक राहतो. हे पहिल्याच वेळी हसत हसत स्पष्ट केलंस तर पुढे कटकट होत नाही.

आता कागदपत्रं. तू राष्ट्रीय डी व्हिसावर, म्हणजे लांब मुक्कामाच्या जर्मन व्हिसावर येशील. नंतर आउसलेंडरबेह्योर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांचं कार्यालय, तुला राहण्याच्या परवान्याचं कार्ड देईल. व्हिसा किंवा कार्ड, यातलं एक वैध असलं आणि सोबत पासपोर्ट असला की इतर शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिरता येतं. वीकेंडसाठी ते भरपूर झालं. पेच पडतो तो मधल्या काळात. व्हिसा संपलेला, कार्ड अजून छापून यायचं, आणि हातात फक्त तात्पुरता कागद. त्या कागदावर सीमा ओलांडू नकोस, तेवढे आठवडे जर्मनीतच फिर. कार्डाची टर्मीन मिळायला कधी कधी महिने जातात, म्हणून पोचल्याच्या आठवड्यात पत्त्याची नोंदणी करून लगेच त्या मागे लाग. आणि सीमेवर कोणी बघत नाही ही जुनी समजूत सोडून दे. 16 सप्टेंबर 2024 पासून जर्मनीनं सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली. बस थांबवतात, पोलीस आत येतात, ओळखपत्रं बघतात. पासपोर्टचा फोनमधला फोटो त्यांना चालत नाही.

लंडन यादीतून काढ. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, भारतीय पासपोर्टला वेगळा व्हिसा लागतो, आणि त्याच्या फीमध्ये तुझी इथली एक सहल होईल. आयर्लंडही शेंगेनमध्ये नाही, तिथेही वेगळा व्हिसा लागतो.

उरलेल्या यादीला एक साधी चाळणी लाव. होस्टच्या दारापासून त्या शहरातल्या मुक्कामाच्या दारापर्यंत चार तासांच्या आत पोचता येत असेल तर साधा वीकेंड, त्यापुढे असेल तर जोडून सुट्टी, आठ तासांपुढे असेल तर रजा. दारापासून दारापर्यंत म्हणतेय, स्टेशन ते स्टेशन नाही. तू खेड्यात राहणार आहेस. खेड्यातली बस तासाला एक असते, रविवारी त्याहून कमी, आणि रात्री आठ-नऊनंतर बऱ्याच ठिकाणी बंद. काही ठिकाणी आधी फोन करून बोलवायची रुफटॅक्सी असते, तीही वेळेआधी नोंदवावी लागते. कार्ल्सरूहपर्यंत वेळेवर आलेली पोरगी शेवटच्या दहा किलोमीटरला अडकते, हे वारंवार घडतं. होस्टकडे एखादी वापरात नसलेली सायकल असते, ती मागून घे आणि जवळच्या ट्राम स्टेशनला कुलूप लावून ठेवत जा.

तुझं नशीब असं की कार्ल्सरूह या कामाला फार सोयीचं आहे, ते यादीतल्या शहरांकडे बघताना तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. डॉइचलांडटिकेट घे, ते 2026 पासून महिन्याला 63 युरो आहे. बऱ्याच होस्ट फॅमिली ते स्वतः काढून देतात, कारण जर्मनच्या क्लासला जायला तुला ते लागतंच. म्हणून हेही व्हिडिओ कॉलवर विचार. या तिकिटावर देशभरातल्या लोकल, ट्राम, शहर बस आणि प्रादेशिक गाड्या चालतात. आयसीई, आयसी अशा लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत, फ्लिक्सबस ही लांब पल्ल्याची खासगी बसही नाही. हे दरमहा आपोआप पुढे चालू राहणारं तिकीट आहे. रजेच्या महिन्यात नको असेल तर आधीच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करायचं.

पहिली परदेशवारी स्ट्रासबुर्गची कर. डॉइचलांडटिकेटवर प्रादेशिक गाडीनं केलपर्यंत जायचं. केल हे जर्मनीचं शेवटचं गाव, पुढे ऱ्हाइन नदी आणि पलीकडे फ्रान्स. केल स्टेशनाबाहेरून स्ट्रासबुर्गची डी ट्राम सुटते. 2017 पासून ती नदी ओलांडून इकडे येऊ लागली. ट्रामचं तिकीट मात्र वेगळं काढायचं. केलच्या थांब्याजवळ तंबाखूची दुकानं ओळीनं दिसतील आणि ती फ्रेंच गिऱ्हाइकांनी भरलेली असतील, कारण सिगारेट इकडे स्वस्त पडते. ट्राम पुलावर चढते, खाली ऱ्हाइनमधून मालवाहू बोटी जात असतात, आणि पाच मिनिटांत पाट्या फ्रेंच होतात. पोलीस या ट्राममध्येही चढतात, म्हणजे पासपोर्ट हवाच.

स्ट्रासबुर्गचं कॅथेड्रल 142 मीटर उंच आहे. 1647 ते 1874 एवढा काळ ती जगातली सर्वात उंच इमारत होती. दोन मनोरे बांधायचे ठरले होते, पुरा झाला एकच, त्यामुळे समोरून बघताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. 332 पायऱ्या चढलीस की 66 मीटरवर सज्जा आहे. तिथून एका बाजूला वोझचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला आपला ब्लॅक फॉरेस्ट दिसतो. आत खगोलीय घड्याळ आहे, दुपारी साडेबाराला त्यातले बारा शिष्य ख्रिस्तासमोरून जातात. गर्दी होते, त्याचं तिकीटही वेगळं असतं. ‘पेटिट फ्रान्स’ हा कालव्यांचा भाग सगळेच बघतात, तूही बघ. पण रस्त्यांच्या पाट्यांकडे लक्ष दे, त्या फ्रेंचमध्ये आणि खाली आल्सेशियन या तिथल्या बोलीत असतात. हे शहर 1871 मध्ये जर्मनीकडे गेलं, 1918 नंतर फ्रान्सकडे, 1940 मध्ये पुन्हा जर्मनीकडे, 1944 मध्ये पुन्हा फ्रान्सकडे. होस्टच्या घरी कोणी आजी-आजोबा असतील तर परत आल्यावर त्यांना याबद्दल विचार. पुस्तकात न सापडणाऱ्या गोष्टी निघतात आणि तुझं जर्मन सुधारतं ते वेगळंच. डिसेंबरात इथला ख्रिसमस बाजार भरतो, तो 1570 पासूनचा. शनिवारी तिथे हलायला जागा नसते. मुलं शाळेत गेल्यावर एखादी सकाळ क्लास नसेल तर आठवड्यातल्या दिवशी जा. ही सोय नोकरदार माणसाला नाही, ऑ पेअरला आहे, आणि मुली तिचा फायदाच घेत नाहीत.

दुसरी सहल कोन्स्टांझची. ती यादीत नाही, कारण भारतात तिचं नाव कोणी ऐकलेलं नसतं. कार्ल्सरूहहून थेट प्रादेशिक गाडी, तीन तासांच्या आसपास, डॉइचलांडटिकेटमध्येच. वाटेत ऑफेनबुर्गनंतर श्वार्त्सवाल्डबान लागते, 1873 मध्ये पूर्ण झालेला ब्लॅक फॉरेस्टचा रेल्वेमार्ग. रोबर्ट गेर्विग या अभियंत्यानं चढ कमी ठेवण्यासाठी रूळ डोंगरात मोठमोठी वळणं घेत नेले आहेत आणि बोगदे 39. पावसाळ्यात खंडाळ्याचा घाट खिडकीशी बसून पाहिला असशील तर इथेही तशीच बसशील. हॉर्नबेर्ग ते सांक्ट गेओर्गेन हा टप्पा झोपून घालवू नकोस. कोन्स्टांझला बोडनझे हे सरोवर आहे, बंदरात इम्पेरिया नावाचा 9 मीटर उंच पुतळा चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारतो, आणि गावातून चालत चालत तू स्वित्झर्लंडच्या क्रोएत्सलिंगनमध्ये शिरतेस. मधलं कुंपण काढून तिथे नुसती शिल्पं उभी केली आहेत. पाऊल पुढे टाकण्याआधी फोनचा डेटा बंद कर. युरोपीय संघातलं मोफत रोमिंग स्वित्झर्लंडला लागू नाही, आणि सरोवराकाठी फोन आपण होऊन स्विस टॉवर पकडतो.

त्याच तिकिटात हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, आणि बाझेलचं बाडिशर बानहोफ हे स्टेशन. ते उभं आहे स्विस जमिनीवर, पण चालवते जर्मन रेल्वे. म्हणून आपलं तिकीट तिथवर चालतं आणि फलाटावरून बाहेर पडताना तू सीमा ओलांडतेस. झ्युरिकची हौस बाझेलवर भागव असं मी सरळ सांगते. झ्युरिक वाईट नाही, पण तिथे एका जेवणाला जे जातं त्यात इकडे एक रात्र निघते. जायचंच असेल तर डबा घेऊन जा आणि रात्री परत ये. लक्झेंबर्गही ध्यानात ठेव. त्या देशात 2020 पासून सगळी सार्वजनिक वाहतूक फुकट आहे, पहिला वर्ग सोडून. डॉइचलांडटिकेटवर ट्रीअरमार्गे सीमेपर्यंत आणि पुढे फुकट, म्हणजे जादा खर्च शून्य. लांब पडतं, पण ट्रीअरचं रोमन वेशीचं दार बघून एक मुक्काम टाकलास तर छान होतं.

पॅरिस तुझ्या चार तासांत बसतं, हे कळल्यावर प्रत्येक मुलगी उडी मारते. कार्ल्सरूहहून थेट वेगवान गाडी अडीच तासांच्या आसपास पॅरिस एस्ट स्टेशनला पोचवते. तिकीट जितकं आधी तितकं स्वस्त. ऐन आठवड्यात काढलंस तर अर्धा पॉकेटमनी गेला समज. लूव्ह्र आणि ऑर्से ही दोन्ही संग्रहालयं 18 ते 25 वयाच्या, युरोपात राहणाऱ्या तरुणांना फुकट आहेत. इथे नागरिकत्व नाही, राहण्याचा पुरावा बघतात, म्हणून कार्ड आणि पासपोर्ट दाखव. 26 वा वाढदिवस झाला की ही सवलत जाते. तू 22 ची आहेस, आत्ताच वापरून घे. ऑनलाइन वेळ मात्र आधी घ्यायची, फुकट असली तरी. शनिवारी सकाळी नऊचा लूव्ह्र, दुपारनंतर पायी नदीकाठ, रविवारी सकाळी ऑर्से, आणि दुपारच्या गाडीनं परत. आयफेल टॉवर खालून बघ. वर जाण्याच्या रांगेत अर्धा दिवस घालवायला तुझ्याकडे मुळात दीडच दिवस आहे. साक्रे कर चर्चच्या पायऱ्यांवर मनगटाला दोरा बांधायला येतील, हात खिशात ठेव आणि चालत राहा. पाटीवर सही मागणाऱ्या मुलींशीही बोलायचं नाही. सहीच्या निमित्तानं एक बोलतं आणि दुसरं पर्स उघडतं.

प्राग, व्हिएन्ना, ॲमस्टरडॅम हे सहा-सात तासांचे प्रवास आहेत, त्यांना जोडून सुट्टी हवी. तू येतेस त्या वर्षी, म्हणजे 2026 मध्ये, 3 ऑक्टोबरची सुट्टी शनिवारी आणि 1 नोव्हेंबरची रविवारी येतेय, दोन्ही वाया. 2027 मध्ये बघ: ईस्टर 28 मार्चला, म्हणजे आधीचा शुक्रवार आणि नंतरचा सोमवार सुट्टी. मग 6 मे आणि 27 मे हे दोन गुरुवार सणाचे, मधला शुक्रवार मागून घेतलास की चार दिवस. या दिवसांची मागणी जानेवारीतच कॅलेंडरवर लिही, कारण होस्टनाही त्याच तारखा हव्या असतात आणि तिकिटंही तेव्हाच महागतात.

ॲमस्टरडॅमला ॲन फ्रँकचं घर बघायचं असेल तर तिकीट फक्त ऑनलाइन. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची तिकिटं उघडतात आणि पटापट संपतात. म्हणजे सहल आधी आणि घर नंतर असं ठरवू नकोस, उलटं ठरव. प्रागला कोरुना हे चलन आहे. रस्त्यावरच्या पैसे बदलून देणाऱ्या खिडक्यांकडे फिरकू नकोस, कार्ड वापर, आणि यंत्रानं युरोत रक्कम कापू का विचारलं तर नाही म्हणून कोरुनाच निवड. ट्रामचं कागदी तिकीट चढल्यावर पिवळ्या यंत्रात छापून घ्यायचं. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे तिथले तपासनीस दिवसभर ऐकत असतात. किल्ल्याकडे जाणारी 22 नंबरची ट्राम सुंदर आहे आणि खिसेकापूंनाही तितकीच आवडते. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरात उभं राहून बघायची तिकिटं मिळतात, बसायच्या जागेच्या मानानं अगदी थोडक्या पैशांत. जागा धरली की समोरच्या कठड्याला रुमाल बांधून ठेवायचा, ही तिथली रीत. संगीतातलं काही कळत नसलं तरी एकदा जा.

रोम आणि बार्सिलोना चार आठवड्यांच्या रजेसाठी राखून ठेव. तुझ्याकडे जर्मनीचा परवाना असल्यानं तुला इंटररेल, म्हणजे युरोपभर रेल्वेनं फिरायचा पास मिळतो, 27 वर्षांपर्यंत तरुणांच्या दरात. भारतातून येणाऱ्या पर्यटकांना तो मिळत नाही, त्यांना युरेल घ्यावा लागतो. या पासवर राहत्या देशात मात्र बाहेर पडायचा एक आणि परतीचा एक, एवढेच प्रवास. रोमला महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि कोलोसियम फुकट असतात. गर्दीचं काय होतं ते सांगायला नको.

स्वस्त विमानाच्या जाहिराती दिसतील, वीस युरोत अमुक शहर. विमानतळाचं नाव नीट वाच. फ्रँकफुर्ट-हान हा फ्रँकफुर्टपासून 120 किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पॅरिस-बोवे पॅरिसपासून 80 किलोमीटरहून जास्त. तिथे जायची-यायची बस, पहाटे चारचा प्रवास आणि मोठ्या बॅगेचं वेगळं भाडं धरलं की वीसचे नव्वद होतात. शिवाय युरोपाबाहेरच्या पासपोर्टवाल्यांची कागदपत्रं काउंटरवर वेगळी तपासतात, त्याचा वेळ धर.

पैशांचा हिशेब आता लागेल. तिकीट होस्टनी दिलं नाही असं धर: 280 मधून 63 गेले, फोनचे दहा गेले, दोनशे उरले. त्यात शाम्पूपासून वाढदिवसाच्या भेटीपर्यंत सगळं. मुक्कामाच्या सहलीला साधारण शंभर-सव्वाशे लागतात: बस किंवा आधी काढलेलं गाडीचं तिकीट, हॉस्टेलच्या डॉर्ममधली एक रात्र, एक बाहेरचं जेवण. म्हणून महिन्याला एकच. पॉकेटमनी वाढवायला शेजारच्यांची मुलं सांभाळू का, असं सगळ्याच विचारतात. नाही. तुझा परवाना त्या घरातल्या ऑ पेअरच्या कामापुरता आहे, दुसरीकडे पैसे घेऊन काम केलंस तर परवानाच धोक्यात येतो. वाचवायचं तर खाण्यात वाचतं. होस्टच्या घरी जेवण तुझं आहेच, तर शनिवारसाठी दशम्या, चटणी, उकडलेली अंडी बांधून घे. जर्मन लोकही पावाचे डबे घेऊनच फिरतात, कोणी वेगळं बघत नाही. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, उघडी असतात ती मोठ्या स्टेशनांतली. पाण्याच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, बाटली फेकू नकोस, यंत्रात घाल. आणि पन्नास सेंट, एक युरोची नाणी वेगळ्या पाकिटात ठेव. स्वच्छतागृहाला पैसे पडतात, आणि घाईच्या वेळी दहाची नोट काही कामाची नाही.

रात्रीच्या बसबद्दल. एक रात्र बसमध्ये काढली तर हॉस्टेलचे पैसे वाचतात, जाताना ठीक आहे. येताना नको. सोमवारी सकाळी साडेसहाला तुला मुलांचे डबे भरायचे आहेत, आणि पेंगत लहान मुलाला रस्ता ओलांडून नेणं हा खेळ नाही. रविवारची शेवटची गाडी कधीच धरू नकोस, शेवटून दुसरी धर. जर्मन गाड्यांच्या वक्तशीरपणाच्या गोष्टी आपल्याकडे अजून सांगतात, इथे त्या ऐकून लोक हसतात. ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट असेल आणि मुक्कामाला 20 मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं तर ते बंधन सुटतं, दुसऱ्या गाडीनं जाता येतं. 60 मिनिटांच्या उशिराला भाड्याचे 25 टक्के आणि 120 मिनिटांच्या उशिराला 50 टक्के परत मिळतात. अर्ज ॲपवरून होतो, तो करायचा कंटाळा करू नकोस.

एकटी की सोबत? जर्मनच्या क्लासमध्ये कोलंबिया, जॉर्जिया, मादागास्कर, केनिया अशा ठिकाणच्या मुली भेटतील, सगळ्या तुझ्यासारख्याच खिशाच्या. दोघी-तिघी बऱ्या. पाचजणी झाल्या की सगळा शनिवार कुठे खायचं हे ठरवण्यात जातो. दिवसाच्या सहली एकटीनं करायला हरकत नाही, आणि मी तर म्हणेन काही एकटीनंच कर. मुक्कामाला पहिल्यांदा सोबत घे. हॉस्टेल मध्यवर्ती स्टेशनापासून चालत अंतरावरचं, फक्त मुलींची डॉर्म. अनोळखी माणसाच्या सोफ्यावर फुकट झोपण्याच्या सोयीपासून लांब राहा, त्या कितीही प्रसिद्ध असल्या तरी. आणीबाणीचा नंबर युरोपीय संघात सगळीकडे 112. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार आणि मग भारतीय वकिलात. तू राहशील त्या जर्मन राज्यासाठी ती म्युनिकला आहे. होस्टनी काढलेला आरोग्य विमा जर्मनीबाहेर चालतो का, हे त्यांना निघण्याआधी एकदा विचार. बहुतेकांनी स्वतःही ते वाचलेलं नसतं.

आईसाठी दोन गोष्टी. लाइव्ह लोकेशन आईला देऊ नकोस, होस्टला आणि एका मैत्रिणीला दे. बोगद्यात फोन बंद पडला की तिकडे सांगलीत घरी रात्रभर कोणी झोपत नाही, आणि तिथून करता येण्यासारखं काही नसतं. आईला त्याऐवजी शुक्रवारीच तीन ओळी पाठव: कुठे, कोणाबरोबर, रविवारी घरी किती वाजता. ती वेळ खऱ्या वेळेपेक्षा दोन तास पुढची सांग. आणि एकदा होस्ट आईशी व्हिडिओ कॉलवर तिची गाठ घालून दे. भाषा कळली नाही तरी चालतं, दोघी एकमेकींचं स्वयंपाकघर बघतात आणि बरंच काम होतं.

भारतातून काय आणू हे शेवटी विचारलं होतंस. सहलींसाठी एवढंच: विमानातल्या आसनाखाली मावेल अशी मऊ सॅक, हॉस्टेलच्या लॉकरला लागणारं छोटं कुलूप, लवकर वाळणारा पातळ पंचा, आणि अंगाला लागून राहील असं पासपोर्टचं पाकीट. बूट मात्र इथे येऊन घे. तिकडून आणलेले स्पोर्ट्स शूज फरशीच्या दगडी रस्त्यांवर आणि नोव्हेंबरच्या पावसात टिकत नाहीत.